उशीच्या अभ्र्यावरचे नारिंगी डाग : संध्याकाळी न निघणाऱ्या सनस्क्रीनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वय ३४, पुण्याच्या वाघोली भागात एका गृहप्रकल्पावर साइट इंजिनिअर. साइटवर सगळे त्यांना मॅडम म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाळंतपणानंतर मॅडमच्या दोन्ही गालांवर वांग आले होते. मार्चमध्ये ऑफिसचं टेबल सुटलं, उघड्या स्लॅबवरचं काम सुरू झालं आणि वांग वाढू नयेत म्हणून त्यांनी सनस्क्रीन मनावर घेतलं. एसपीएफ ५०, पीए++++, पाण्याला आणि घामाला टिकणारं. सकाळी आठला दोन बोटांवर मावेल तेवढं, दुपारी डबा खाऊन झाल्यावर पुन्हा तेवढंच. लावण्याची शिस्त वाखाणण्यासारखी होती. बहुतेक लोक यातलं अर्धंसुद्धा लावत नाहीत.

काढण्याबद्दल मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. संध्याकाळी साडेसातला घरी, हेल्मेट खुंटीला, मोरीत दोन ओंजळी पाणी, फेसवॉशचा भरपूर फेस, की झालं.

अडचण कशी वाढत गेली

पाचेक आठवड्यांत कानशिलांवर, कपाळाच्या वरच्या कडेला आणि जबड्याच्या कोपऱ्यांवर बारीक, कातडीच्याच रंगाचं पुरळ उठलं. खाज नाही, पू नाही. उजेड तिरका पडला की दिसायचं, बोटाला रव्यासारखं लागायचं. मॅडमनी सनस्क्रीनची कंपनी बदलली, मग पुन्हा बदलली. दोन्ही ट्यूबांवर ‘रंध्रं बुजवत नाही’ असं छापलेलं होतं. या दाव्यासाठी सगळ्यांना बंधनकारक अशी एकच ठरलेली चाचणी नाही, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

एप्रिलअखेर त्यांनी ठरवलं की चेहरा नीट घासला जात नाहीये. मग आठवड्यातून तीनदा अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब आला, गरगर फिरणारा सिलिकॉनचा ब्रश आला, फेसवॉश दोनदा सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ते विकतचं कशाला? साय-बेसन लाव, सगळा मळ निघतो.” तेही झालं. एका मैत्रिणीनं खोबरेल तेल चोळून झोपायला सांगितलं, तेही आठवडाभर झालं.

मेच्या मध्यावर गालांवर लाली आणि चरचर. मॉइश्चरायझर लावलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. पुरळ जागच्या जागी होतं, उलट खोबरेलाच्या आठवड्यानंतर कपाळावर थोडं वाढलं. शेवटी मॅडमनी सनस्क्रीनच बंद केलं. ऐन मे महिना, तीन आठवडे. चरचर थोडी कमी झाली, पण वांग गडद झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे आल्या त्या एकाच प्रश्नासह : मला सोसेल असं सनस्क्रीन कोणतं?

तपासणीत काय दिसलं

चेहऱ्यावर दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या करणं हा पहिला निर्णय ठरला. गालांची लाली-चरचर जिथे ब्रश आणि स्क्रब सर्वांत जास्त फिरला तिथे होती. पुरळ, म्हणजे बंद तोंडाचे मुरूम, जिथे हात जवळजवळ पोचतच नव्हता तिथे होतं. एकाच चेहऱ्यावर एक भाग जास्त धुतला गेलेला आणि दुसरा न धुतलेला.

बुरशीमुळे येणारं पुरळ वेगळं काढलं. ते सहसा एकसारख्या आकाराचं असतं आणि खाजतं, इथे दोन्ही नव्हतं. सनस्क्रीनची ॲलर्जी आहे का, हे पाहण्यासाठी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी तेच सनस्क्रीन दिवसातून दोनदा, सात दिवस लावायला सांगितलं. काही झालं नाही. उन्हासोबतच उठणारी ॲलर्जी या चाचणीत सापडत नाही, पण चेहऱ्यावरच्या लालीची जागा तशी नव्हती.

दुसऱ्या भेटीला मॅडमना पूर्वीसारखं सनस्क्रीन लावून, साइटवरून थेट, चेहरा न धुता बोलावलं. बेसिनपाशी उभं करून सांगितलं : रोज धुता तसाच धुवा. घड्याळ लावलं होतं. ओल्या चेहऱ्यावर फेस, गालांवर गोल गोल हात, कपाळाच्या मध्यावर दोन फेऱ्या, नाकावर एक, आणि पाणी. एकूण १८ सेकंद. कानापुढची पट्टी, केसांची कड, जबड्याखालचा भाग आणि मान यांना फक्त ओघळलेला फेस लागला. चेहरा टिपण्याआधी कानशिलाकडे नीट पाहिलं, तर तिथे पाणी पसरलं नव्हतं. मेण लावलेल्या कागदावर राहावेत तसे थेंब उभे होते. गालावर मात्र ते सपाट पसरलं होतं.

मग मायसेलर पाण्यात, म्हणजे मळ सोडवणारे सौम्य घटक असलेल्या विकतच्या पाण्यात, भिजवलेला कापूस पाच ठिकाणी, प्रत्येक जागेला नवा, एकदाच हलक्या हातानं फिरवला. नाक आणि गाल जवळपास स्वच्छ. कानशील, केसांची कड आणि जबड्याचा कोपरा : करडा-पिवळट थर, त्यात सिमेंटची बारीक कणी.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. घरातले उशांचे पांढरे अभ्रे नारिंगी पडत होते, फक्त मॅडमच्या बाजूचे. क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर डाग आणखी भडक झाले. ही खूण बोलकी आहे. अव्होबेंझोन हा बऱ्याच सनस्क्रीनमधला घटक लोहयुक्त पाण्याशी जुळला की गंजासारखा रंग धरतो. कॉलरवर असा डाग पडला तर तो दिवसाचा. अभ्र्यावर पडतो याचा अर्थ रात्री झोपतानाही सनस्क्रीन चेहऱ्यावर होतं, ते कापडाला लागलं आणि धुताना बोअरच्या पाण्यातल्या लोहानं रंगलं.

ते निघत का नव्हतं

घामाला टिकणाऱ्या सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणारे बरेचसे घटक तेलात विरघळतात. त्यांच्यासोबत थर धरून ठेवणारी, पाण्याला न जुमानणारी पॉलिमरं आणि सिलिकॉन असतात. झिंक किंवा टायटॅनियम असलेल्या सनस्क्रीनमध्ये कणांनाच पुष्कळदा असं आवरण दिलेलं असतं. म्हणजे जे घामात टिकावं म्हणून बनवलंय, ते फेसाच्या १८ सेकंदांत जावं अशी अपेक्षा. मॅडमच्या बाबतीत दुपारचा दुसरा थर पहिल्या थरावर, तेलकटपणावर आणि सिमेंटच्या धुळीवर बसत होता.

त्यात पाणी. सोसायटीच्या पाणी-तपासणीच्या कागदावर एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला ५४० मिलिग्रॅम होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतलं जातं. मॅडमचा ‘फेसवॉश’ घटकांच्या यादीवरून साबणच निघाला : मिरिस्टिक आम्ल, स्टिअरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. असा साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून चिकट साका करतो. बादलीच्या काठावर बसतो तोच. तो साका कातडीवरही बसतो, आणि धुतल्यावर जो करकरीतपणा मॅडमना ‘स्वच्छ’ वाटत होता त्यात त्याचाही वाटा होता. शिवाय अशा साबणाचा सामू (पीएच) ९ ते १०च्या घरात असतो, कातडीचा ५च्या आसपास. दिवसातून दोनदा, वर स्क्रब. गालांनी तक्रार केली नसती तरच नवल.

कोणते पर्याय तोलले

सनस्क्रीन सोडून द्यायचं, हा पर्याय पहिल्याच मिनिटाला बाद झाला. तीन आठवड्यांत वांगांनी उत्तर दिलं होतं.

साध्या, न टिकणाऱ्या जेल सनस्क्रीनवर जायचं? ते निघायला सोपं, पण स्लॅबवर अकरा वाजेपर्यंत घामाबरोबर वाहून जाणार. हे फक्त ऑफिसच्या दिवसांसाठी राखून ठेवलं.

मायसेलर पाणी आणि कापूस सहज मिळतं आणि कामही करतं. पण दोन थर काढायला चार-पाच कापूस लागतात, म्हणजे आधीच सोललेल्या गालांवर तेवढी घासाघीस. शिवाय बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ लिहिलेलं असलं तरी त्यातले मळ सोडवणारे घटक कातडीवर राहतात, ते धुतलेलंच बरं. प्रवासापुरतं ठीक.

खोबरेल तेलाबद्दल घरात बराच आग्रह होता. तेल सनस्क्रीन सोडवतं, यात शंका नाही. प्रश्न तेल सोडवायचा आहे. खोबरेलात पाण्याशी मिसळवणारा घटक नसतो, त्यामुळे ते पाण्यानं जात नाही, त्यासाठी पुन्हा कडक साबण लागतो, आणि उरलेलं तेल मुरूम येणाऱ्या कातडीला मानवत नाही. कपाळावरच्या वाढीनं तेच दाखवलं होतं. डोक्याला लावायला खोबरेलासारखं दुसरं काही नाही, पण हे काम त्याचं नव्हे.

राहिलं क्लेन्झिंग ऑइल : हलकं तेल, त्यात पॉलिसॉर्बेटसारखा घटक, जो पाणी लागताच तेलाचं दूध करतो आणि ते वाहून जातं. तेच निवडलं, सुगंध नसलेलं. १०० मिलिची बाटली, रोज दोन पंप म्हणजे साधारण अडीच मिलि, तर ४० संध्याकाळी पुरते. खर्चाचा हिशोब आधीच सांगितला, कारण महाग वाटलं की माणूस एका पंपावर येतो आणि एका पंपात तेल बोटांखाली सरकत नाही, ओढलं जातं.

मुरमांचं औषध लगेच सुरू करायचं का, हा खरा अवघड निर्णय होता. मॅडमना घाई होती. चरचरत्या कातडीवर ॲडापॅलिन लावलं असतं तर चार दिवसांत सगळंच बंद करावं लागलं असतं. डॉक्टरांनी ते चार आठवडे पुढे ढकललं आणि नवीन गर्भधारणेचा विचार नाही ना, हेही विचारून घेतलं.

काय केलं

पहिले दहा दिवस फक्त वजाबाकी. स्क्रब, ब्रश, बेसन, खोबरेल, साबणाचा फेसवॉश बंद. साबणाऐवजी सौम्य सिन्डेट, म्हणजे साबण नसलेला क्लेन्झर, घटकांत सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असलेला. सकाळी नुसतं पाणी. मॉइश्चरायझर सेरामाइड आणि ग्लिसरीनचं, चेहरा दमट असतानाच. मॅडमनी या काळात ऑफिसचं काम मागून घेतलं, जेल सनस्क्रीन वापरलं, बाहेर पडताना रुंद काठाची टोपी घातली.

साइटवर परतल्यावर संध्याकाळचा क्रम असा ठरला.

आधी हात साबणानं स्वच्छ, केस पट्ट्यानं मागे. मग चेहऱ्यावर नुसतं पाणी, भरपूर, न चोळता. तेल कोरड्या चेहऱ्यावर लावायचं असतं असं सगळीकडे सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे, पण सिमेंटच्या धुळीला हा नियम लावला तर कणी तेलात कालवून चेहऱ्यावर चोळल्यासारखं होतं. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, कातडी भाजतं. म्हणून धूळ आधी वाहून जाऊ द्यायची, मग मऊ पंचानं टिपून चेहरा आणि तळवे पूर्ण कोरडे करायचे.

कोरड्या तळव्यावर दोन पंप. सुरुवात कडेकडून : केसांची कड, कानशिलं, कानापुढची पट्टी, जबड्याखाली, मान. मग कपाळ, नाकपुड्यांच्या खाचा, गाल. पापण्या सर्वांत शेवटी, मिटलेल्या, दहा सेकंद. एकूण ४५ ते ६० सेकंद, बोटांच्या पेरांनी, खाली वजन न देता. कडा आधी घेण्याचं कारण साधं आहे. माणूस दमलेला असतो, जे शेवटी ठेवलंय ते राहून जातं.

त्यानंतर बोटं पाण्यात बुडवून पुन्हा तोच फेरा. तेल पांढरं, दुधासारखं होतं. पुन्हा बोटं ओली, पुन्हा फेरा. दूध होणं ही पायरी गाळली तर तेल तसंच पाण्याखाली जातं आणि चेहरा बुळबुळीत राहतो. मग आठ-दहा ओंजळी पाणी. गरम पाणी नको.

शेवटी सिन्डेट, शेंगदाण्याएवढा, २० ते ३० सेकंद, आणि धुणं. अखेरचा एक मग आरओच्या पाण्याचा, अर्धा लिटर, म्हणजे क्षार मागे कमी राहतात. चोळून पुसायचं नाही, टिपायचं.

सुट्टीच्या दिवशी, एकदाच जेल सनस्क्रीन लावलं असेल तर तेलाची गरज नाही, एकटा सिन्डेट पुरे. ही सवलत मुद्दाम दिली. दुहेरी धुलाई रोज सगळ्यांनी करायची गोष्ट आहे असा जो समज पसरलाय, त्यानं कोरड्या कातडीच्या लोकांचं नुकसानच होतं.

मधे काय चुकलं

पहिल्या आठवड्यात जवळपास काहीच फरक नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, धूळ धुतल्यावर चेहरा टिपायची पायरी मॅडम गाळत होत्या. ओल्या चेहऱ्यावर तेल पडलं की ते तिथल्या तिथे दूध होतं आणि सनस्क्रीनपर्यंत पोचण्याआधीच त्याचा जोर संपतो. कागदावर पायरी लिहिलेली होती. पण ‘धुवा, कोरडं करा, तेल लावा, पुन्हा ओलं करा’ हे वाचणाऱ्याला उलटसुलट वाटतं, आणि माणूस आपल्याआप त्यातली एक पायरी वजा करतो. बेसिनपाशी एकदा करून दाखवल्यावर ही चूक पुन्हा झाली नाही.

दुसरी चूक उलट्या दिशेची. कुठेतरी पाहून मॅडम तेल पाच-पाच मिनिटं चोळू लागल्या, नाकावरून काळे कण निघावेत म्हणून. तीन दिवसांत गाल पुन्हा लाल. मिनिटभराची मर्यादा पुन्हा सांगावी लागली.

तिसरी चूक क्लिनिकच्या पदरात जाते. कापसाची चाचणी दाखवल्यामुळे मॅडम घरी रोज रात्री धुतल्यावर कापूस फिरवू लागल्या आणि तो शुभ्र निघेपर्यंत पुन्हा धुऊ लागल्या. कापसावर मृत कातडी आणि तेलकटपणाही येतो, किंचित पिवळटपणा कायम राहणारच. ही चाचणी आठवड्यातून एकदा, कानशील आणि जबडा या दोनच जागी करायची, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

परिणाम

चरचर बाराव्या दिवसापर्यंत थांबली. क्रम नीट बसल्यावर पंधरवड्यात कानशिलावरचा कापूस जवळपास स्वच्छ येऊ लागला, धुतल्यावर पाणीही तिथे पसरू लागलं. पाचव्या आठवड्यात ॲडापॅलिन सुरू झालं, एक रात्र आड, वाटाण्याएवढं. कानशिलं आणि कपाळाची कड दहाव्या आठवड्यापर्यंत गुळगुळीत झाली. यात धुण्याचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पाचव्या आठवड्याआधी नवीन पुरळ येणं थांबलं होतं, एवढंच धुण्याच्या खात्यावर जमा करता येतं.

जबड्याच्या कोपऱ्यांवरचं मात्र हटेना. तिथला कापूसही स्वच्छ निघत होता. मग हेल्मेट मागवून पाहिलं. हनुवटीचा पट्टा घामानं कडक झालेला, आतल्या बाजूला सनस्क्रीन आणि सिमेंटचा चकचकीत थर, बरोबर त्याच जागी टेकणारा. पट्ट्याला सुती कापडाची, काढून रोज धुता येणारी खोळ शिवली. चार आठवड्यांत तिथलंही पुरळ निम्म्यावर आलं.

वांगांसाठी सनस्क्रीन बदललं ते सर्वांत शेवटी : लोह ऑक्साइडची छटा असलेलं, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतात आणि बिनरंगी सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. छटेचा एक आडफायदा झाला. काही राहिलं की टिपताना पंचावर रंग दिसतो, वेगळी चाचणी लागत नाही. ऑक्टोबरपर्यंत वांग मेच्या मानानं फिके झाले होते, गेले नव्हते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीत ‘काय लावता’ हे तपशिलात विचारलं गेलं. ‘कसं काढता’ हे दुसऱ्या भेटीत आलं. तो प्रश्न आधी आला असता तर आठवडा वाचला असता. पाण्याची चौकशीही तशीच उशिरा झाली. वाघोलीसारख्या, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या भागातून कोणी आलं की सोसायटीचा तपासणी-कागद मागायला हवा, तो बहुतेक वेळा सेक्रेटरीकडे पडून असतो. आरओच्या टीडीएस मीटरवर विसंबून चालत नाही. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, काठिण्य वेगळं दाखवत नाही.

क्लेन्झर आणि तेल मागोमाग बदलल्यामुळे कोणाचा गुण आला हे कळायला मार्ग राहिला नाही. आधी फक्त साबण बदलून दोन आठवडे थांबता आलं असतं. पण चरचरत्या गालांनी आलेल्या माणसाला इतकं थांबवणं सोपं नसतं, त्यामुळे इथे हाच क्रम पुन्हा निवडला गेला असता.

आणि मे महिन्यातले ते तीन आठवडे. त्या काळात कोणी मॅडमना एवढंच सांगितलं असतं की सनस्क्रीन चालू ठेवा, ब्रश बंद करा, तर वांगांचं बरंच नुकसान टळलं असतं.

अभ्र्यांचं म्हणाल तर ब्लीच थांबवलं. डागावर लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी अर्धा तास ठेवून मग नेहमीसारखं धुतलं. नवे डाग निघाले. ब्लीच पडलेले दोन अभ्रे तसेच राहिले, ते आता फरशी पुसायला आहेत.